पावसाची झड, घरातला शनिवार आणि दोन मॅच

कोल्हापूरच्या फुटबॉलचा हंगाम थंडीबरोबर सुरू होतो आणि वळवाचे ढग जमेपर्यंत चालतो. एकदा पाऊस लागला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या ओस पडतात, तालमींचे, म्हणजे इथल्या फुटबॉल संघांचे, झेंडे गुंडाळून ठेवले जातात आणि पेठापेठांतली ईर्ष्या पुढच्या हंगामापर्यंत कट्ट्यावरच्या गप्पांत उरते. ज्यांना फुटबॉलची सवय लागली आहे त्यांना हे महिने जड जातात. पण नेमक्या याच दिवसांत भारतात ड्युरँड कप रंगात आलेला असतो आणि ऑगस्टच्या मध्याला इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगचा हंगाम उघडतो. बाहेर झड, शनिवारची सुट्टी आणि सगळे घरात, असा दिवस वाया घालवू नये.

मी असे बरेच शनिवार घालवले आहेत. सुरुवातीला हावरटासारखा दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत जे दिसेल ते बघत बसायचो. रविवारी सकाळी कुठला गोल कुठल्या मॅचमधला हेही आठवायचं नाही. आता ठरवून टाकलंय: सकाळी जुन्या मॅच थोडक्यात आणि संध्याकाळी दोन ताज्या मॅच पूर्ण. त्याहून जास्त नाही. हा सगळा बेत त्यावर उभा आहे.

आधी नदी बघा

कोल्हापुरात, सांगलीत किंवा नदीकाठच्या कुठल्याही गावात राहत असाल तर सकाळी उठल्यावर पहिलं काम पाण्याची पातळी बघण्याचं. आमच्याकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ ला नदी या दोन्ही खुणा मागे टाकून शहरात शिरली होती. पातळी इशाऱ्याकडे सरकत असेल आणि तुमचं घर सुतारवाडा, जामदार क्लब अशा सखल भागात असेल, तर मॅचचा बेत बाजूला ठेवा. कागदपत्रं, औषधं, गॅस सिलिंडर वर हलवा, फोन चार्ज करा. पातळी बेताची असेल आणि धरणातून जादा पाणी सुटल्याची बातमी नसेल, तर निवांत बसा.

वेळापत्रक कागदावर लिहा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंग्लंडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. त्यामुळे शनिवारची त्यांची दुपारी साडेबाराची मॅच आपल्याकडे संध्याकाळी ५ ला, दुपारी तीनच्या मॅच ७:३० ला आणि साडेपाचची मॅच रात्री १० ला सुरू होते. रविवारच्या नेहमीच्या वेळा आपल्याकडे ६:३० आणि ९. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि मग हे सगळं आपल्यासाठी तासभर उशिरा सरकतं, थेट मार्चच्या शेवटच्या रविवारापर्यंत. जर्मनीच्या बुंडेसलिगाच्या शनिवारच्या बहुतेक मॅच आपल्याकडे ७ ला लागतात.

यात एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. म्हणजे साडेसातची जी मॅच आपण कोल्हापुरात बघतो, ती खुद्द तिथला माणूस घरी बसून टीव्हीवर बघू शकत नाही.

माझी निवड ५ ची एक आणि ७:३० ची एक. पहिली मॅच मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून सातच्या आत-बाहेर संपते. मग अर्धा तास मोकळा मिळतो. दिवेलागण, देवापुढचा दिवा, स्वयंपाकाची तयारी, मुलांचा उरलेला अभ्यास हे सगळं त्यात बसतं. रात्री १० ची मॅच मी सोडतो. तिसऱ्या मॅचला डोळे उघडे असतात, पण दिसत काही नाही.

ड्युरँड कप चालू असेल तर पाचच्या जागी त्यातली मॅच घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. १८८८ साली शिमल्यात सुरू झालेली ही स्पर्धा आशियातली सर्वांत जुनी. हल्ली तिचं मुख्य केंद्र कोलकाता आहे आणि पूर्वेकडच्या इतर शहरांतही मॅच होतात. पाऊस तिथेही पडतच असतो. ओल्या मैदानावर आपली पोरं कशी खेळतात हे बघायला याहून चांगली जागा नाही. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून इथली शाळकरी पोरं भारतीय क्लबांच्या मॅच वेगळ्याच नजरेनं बघतात.

लाईट गेली तर

जाणारच, असं धरून चाला. इन्व्हर्टरला साधारण १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी असेल तर हिशेब सोपा आहे: १५० गुणिले १२ म्हणजे १,८०० वॉट-अवर. प्रत्यक्षात त्यातले १,३०० च्या आसपास हाती लागतात असं धरा. ४३ इंची एलईडी टीव्ही ८० वॉट, पंखा ६०, एक दिवा १०, राउटर १२, मिळून १६० च्या घरात. म्हणजे चांगली बॅटरी आठ तास काढते, जुनी असेल तर चार. चांगल्या बॅटरीत दोन्ही मॅच आरामात बसतात. फक्त इस्त्री, मिक्सर, इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरच्या लाईनवर नाही ना, हे आधीच बघा. बॅटरीतलं पाणी शुक्रवारीच तपासा.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्या आणि मॅच फोनवर किंवा लॅपटॉपवर बघा. घ्यायच्या आधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा, बहुतेकांचा १२ चा असतो. फायबर जोडणीची काच पावसाला घाबरत नाही. घाबरतो तो तिच्या दोन्ही टोकांचा वीजपुरवठा.

डिशचं दुखणं वेगळं. घरगुती डिशला येणाऱ्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या घरातल्या, जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. म्हणून ऐन कॉर्नरला पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. आपल्याकडच्या बहुतेक तबकड्यांची तोंडं दक्षिण ते आग्नेय या बाजूला असतात. त्या दिशेला आभाळ काळं झालं की पुढची काही मिनिटं जाणार हे ओळखावं. अशा वेळी गच्चीवर चढून तबकडी हलवू नका. ओली गच्ची, शेवाळ आणि घाई यांतून पाय मोडतो. शिवाय दिशा बिघडली तर पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही. पाच-दहा मिनिटं थांबा, सर ओसरली की चित्र आपोआप येतं. तोवर फोनवर इंटरनेटनं बघा. मोबाइल डेटावर एचडी चित्राला तासाला दीड-दोन जीबी सहज लागतात, तेव्हा दर्जा एक पायरी खाली आणून ठेवा.

विजांची चिन्हं दिसली तर मात्र मॅच कितीही रंगात असो, विजा कडाडायच्या आधीच टीव्हीचा प्लग काढा आणि डिशची केबलही सोडवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज केबलमधूनही आत येते. श्रावणातल्या संततधारेत विजा कमी असतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात त्यांचा जोर असतो, तेव्हा सप्टेंबरअखेरच्या शनिवारी जास्त सावध राहा.

खोली

पावसाळ्यात प्रत्येक घरात एक दोरी असते आणि ती हटकून टीव्हीसमोरून जाते. शनिवारी सकाळीच ती आतल्या खोलीत बांधा. ओल्या कपड्यांचा कुबट वास असलेल्या खोलीत दोन तास बसवत नाही. खिडकीचं प्रतिबिंब पडद्यावर पडत असेल तर टीव्हीचा कोन थोडा बदला, पण खिडकी बंद करू नका. पावसाचा आवाज हवाच.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय असतो. तो जास्त असेल तर बॉलच्या मागे शेपटी दिसते. तो कमी करून बघा. आणि इंटरनेटवरचं चित्र डिशच्या मागे अर्धा मिनिटभर असू शकतं, म्हणून फोनवरच्या ग्रुपचा आवाज बंद ठेवा. शेजारच्या वाड्यातून आरोळी आली की गोल झाला हे कळतंच, त्याला इलाज नाही.

खाणं, आणि ते कुणी करायचं

घरातल्या बाईनं मॅचभर कढईसमोर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी बाहेर बसून ओरडायचं, हे मला अजिबात मान्य नाही. माझ्या आईला फुटबॉल आवडायचा, आणि तिनं कित्येक गोल आमच्या ओरडण्यावरून ओळखले, बघितले नाहीत. हे उशिरा लक्षात आलं. म्हणून आमच्याकडे आता दोन नियम आहेत. वाढीव वेळ सोडला तर मॅच चालू असताना गॅस पेटत नाही, आणि पहिल्या मॅचला जो तळेल तो दुसऱ्या मॅचला जागचा उठत नाही.

मध्यंतर जास्तीत जास्त १५ मिनिटांचं असतं. तेवढ्यात खेकडा भजी होतात, फक्त तयारी आधीची हवी. चार मोठे कांदे उभे पातळ चिरून मीठ लावून मॅच सुरू व्हायच्या थोडं आधी ठेवून द्या. अर्ध्या-पाऊण तासात कांद्याला पाणी सुटतं. बेसन, मूठभर तांदळाचं पीठ, ओवा आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी वेगळ्या भांड्यात कोरडंच मिसळून ठेवा. ४५ व्या मिनिटाला चौथा पंच वाढीव वेळेचा फलक उंचावतो, तेव्हा एकानं उठून तेल तापत ठेवायचं. शिट्टी वाजली की कोरडं पीठ कांद्यात मिसळा, वरून पाणी घालू नका, कांद्याचं सुटलेलं पुरतं. मध्यम आचेवर तीन घाणे, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. गॅस बंद, कढई मागच्या बाजूला, परात बाहेर, आणि संघ मैदानात उतरताना सगळे जागेवर. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारं कुणी घरात असेल तर मायाळूची किंवा ओव्याची पानं साध्या पिठात बुडवून तळा. ती आणखी लवकर होतात.

आखाड संपून श्रावण लागल्यावर आमच्याकडे बऱ्याच घरांत तांबडा-पांढरा बंद असतो. तेव्हा जेवणाला मिसळ चांगली. कट दुपारीच करून ठेवायचा, मुरल्यावर तो अधिक छान लागतो. दोन मॅचमधल्या अर्ध्या तासात नुसता गरम करून वाढायचा. दुसऱ्या मॅचला हाताशी भाजलेली कणसं किंवा मिठात उकडलेल्या शेंगा. श्रावण सरता सरता बाजारात ओल्या शेंगा दिसू लागतात, त्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. टरफलांना वेगळं पातेलं ठेवा, नाहीतर शेवटच्या शिट्टीपर्यंत गालिच्यावर चिखल होतो.

सकाळची जुनी मॅच

पावसाच्या दिवशी पावसातलीच मॅच बघावी, असा माझा हट्ट आहे. फिफाच्या अधिकृत चॅनलवर जुन्या विश्वचषकांचे सारांश मिळतात. नाश्ता झाल्यावर मुलांना घेऊन बसा, अर्धा तास पुरे.

सुरुवात ४ जुलै १९५४ च्या अंतिम सामन्यानं करा. बर्नचं वांकडॉर्फ स्टेडियम, पश्चिम जर्मनी विरुद्ध हंगेरी. हंगेरीचा संघ १९५० पासून हरलेला नव्हता आणि याच स्पर्धेच्या गटात त्यांनी जर्मनांना ८-३ असं धुतलं होतं. आठ मिनिटांत २-० झालं. पण पाऊस पडत होता, आणि जर्मन कर्णधार फ्रिट्झ वॉल्टरला असंच हवामान मानवायचं. युद्धात मलेरिया झाल्यापासून त्याला ऊन सोसत नसे. जर्मनीत आजही अशा पावसाळी हवेला त्याच्या नावानं ओळखतात. जर्मनांच्या बुटांना आडी डासलरनं बनवलेले, स्क्रूनं बदलता येणारे स्टड, म्हणजे तळाचे खुंट, होते. चिखल वाढला की लांब स्टड लावायचे. १८ व्या मिनिटापर्यंत २-२ आणि ८४ व्या मिनिटाला हेल्मुट रानचा गोल. ३-२. मुलांना गोलांइतकेच पाय बघायला सांगा, वळताना कोण घसरतंय आणि कोण नाही ते.

मग ३ जुलै १९७४, फ्रँकफर्ट. पोलंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, जिंकेल तो अंतिम फेरीत, बरोबरी जर्मनांना चालणार होती. ढगफुटीसारखा पाऊस झाला, अग्निशमन दलानं पंप लावून पाणी उपसलं, मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली. तरी जागोजाग डबकी होतीच. जमिनीवरून दिलेला पास डबक्यात जाऊन थबकायचा. पोलंडचा सगळा जीव लाटो आणि गाडोखा या दोन वेगवान विंगरांमध्ये होता. त्या स्पर्धेत सर्वाधिक सात गोल लाटोचेच. पण वेग घ्यायला बॉल पुढे पळावा लागतो, आणि तिथे तो पळत नव्हता. पोलंडचा कीपर टोमाशेव्स्कीनं पेनल्टी अडवली, तरी ७६ व्या मिनिटाला गेर्ड म्युलरनं १-० केलं. जर्मन लोक या मॅचला फ्रँकफर्टची पाण्यातली लढाई म्हणतात. पोलंडवर त्या दिवशी अन्याय झाला असं मला अजून वाटतं. कोरड्या मैदानावर ती मॅच वेगळी झाली असती.

वेळ उरला तर १४ मे २००० ची, इटलीच्या लीगच्या शेवटच्या दिवसाची, पेरुजा विरुद्ध युव्हेंटस. मध्यंतरात असा पाऊस कोसळला की मध्यंतरानंतरचा खेळ सुरू व्हायला तासाहून अधिक उशीर झाला. पंच कोलिना छत्री घेऊन मैदानात फिरून बॉल टाकून बघत होते, उसळतो की रुततो. अखेर खेळ सुरू झाला, पेरुजाच्या कालोरीनं गोल केला, युव्हेंटस ०-१ हरलं आणि लाझियोनं एका गुणानं इटलीचं विजेतेपद नेलं. मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे शेवटी पंच ठरवतो, या एका नियमाचं वजन किती, ते त्या दिवशी कळलं.

संध्याकाळची मॅच बघायची कशी

जुन्या मॅच बघून झाल्या की नजर आपोआप मैदानाकडे जाते. पहिली दहा मिनिटं मी बॉलचा वेग बघतो. गवतावर पाण्याचा पातळ थर असेल तर बॉल सरपटत, वेगानं जातो. इंग्लंडमध्ये कोरड्या दिवशी मुद्दाम पाणी मारतात ते यासाठीच. पाणी साचलं असेल तर उलट, बॉल थांबतो. पहिल्या प्रकारात छोटे पास देणारा संघ खुलतो, दुसऱ्यात उंच बॉल मारणारा. पावसात खेळाडू लांबूनच, कीपरच्या अगदी पुढ्यात टप्पा पडेल असे फटके मारतात. ओला बॉल टप्प्यावर घसरतो. शहाणा कीपर तो धरायच्या भानगडीत न पडता बाजूला ढकलतो, आणि मग सुटलेल्या बॉलवर कोण आधी पोचतो यावर गोल ठरतो.

त्यानंतर बॉल सोडून द्या. हे अवघड आहे, पण घरी बसून करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम हेच. एक खेळाडू निवडा, शक्यतो बचावातला किंवा मधल्या फळीतला, आणि दहा मिनिटं फक्त त्यालाच बघा. कॅमेरा बॉलमागे धावतो, त्यामुळे तो मधूनमधून दिसेनासा होईल. परत दिसला की आधीपेक्षा किती सरकलाय ते बघा. आमच्या गल्लीत तालमीकडून बॅक खेळलेले एक काका आहेत. स्टेडियमवर ते कधीच बॉलकडे बघताना दिसत नाहीत, आणि गोल होणार हे आमच्याआधी सांगतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बॉल काय, बॉल सगळ्यांस्नी दिसतोय की. मोकळी जागा बघ."

मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या. कागदावर मैदान काढून पंधराव्या मिनिटाला कोण कुठे उभा आहे त्याच्या खुणा करायच्या. मध्यंतरानंतर पुन्हा. दोन चित्रांतला फरक म्हणजे प्रशिक्षकानं मध्यंतरात काय सांगितलं त्याचं उत्तर.

घरात कुणाला ऑफसाइड समजत नसेल तर चौरंगावर मिसळणाचा डबा उघडा. लवंगा बचाव करणारे, वेलदोडे हल्ला करणारे, चौरंगाची कड गोलरेषा. सोबत्यानं बॉल मारला त्या क्षणी वेलदोडा प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्यात असेल आणि बॉलपेक्षाही, शेवटून दुसऱ्या लवंगेपेक्षाही कडेच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइड जागेत. शेवटची लवंग बहुधा कीपर असते, म्हणून लोक शेवटचा बॅक असं म्हणतात. नुसतं त्या जागेत उभं राहणं गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेतला तर शिट्टी. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवर थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. महत्त्वाचं काय, तर बॉल मारल्याचा क्षण. वेलदोडा हातानं सरकवत सरकवत दाखवा, आजीलासुद्धा एका कॉर्नरच्या आत कळतं.

दुसरी मॅच मी शिकायला बघत नाही. वही बंद, खुणा बंद. मोठ्यानं ओरडायला ती मॅच. दुसऱ्या अर्ध्यात एकदा समालोचनाचा आवाज पूर्ण बंद करून बघा, पाच मिनिटं. पागोळ्यांचा आवाज आणि पडद्यावरची धावाधाव, एवढंच उरतं.

मॅच संपल्यावर टीव्ही, डिशचा डबा आणि राउटर रात्री प्लग काढूनच झोपा. कढईतलं तेल गार झालं की गाळून ठेवा.

आणि रविवारी उघडीप मिळाली तर मुलं घरात थांबणार नाहीत. गांधी मैदानात पाणी साचलेलं असतं, तरी बॉल तिकडेच जातो. जाऊ द्या. परत आल्यावर बूट नळाखाली धुऊन नाड्या आणि आतली गादी बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा. दोन तासांनी ते ओले होतात, बदला, रात्री झोपताना पुन्हा एकदा. गॅसजवळ किंवा चुलीपाशी वाळवू नका, तळ उकलतो. पंख्याखाली तिरपे उभे करून ठेवले तर सोमवारी शाळेच्या आधी कोरडे मिळतात.